सांभाळणाऱ्या बाईचा पगार आणि मेडिकेडची पाच वर्षे

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

बडोद्यात दांडिया बझार, रावपुरा, मांजलपूर या भागांतल्या बऱ्याच मराठी घरांचे एक टोक आता न्यू जर्सीत असते. मुलगा-सून तिकडे, आणि त्यांनी ग्रीन कार्डावर नेलेले आई-वडीलही तिकडे. आई-वडील ऐंशीच्या पुढे गेले की अंघोळ, जेवण, औषधे, रात्रीचे उठणे यांसाठी घरी बाई ठेवावी लागते. ती बहुधा ओळखीतून मिळते, दर शनिवारी हातावर रोख घेते आणि सगळ्यांचे बरे चाललेले असते. चार-पाच वर्षांत साठवलेला पैसा आटतो, मेडिकेडचा (कमी मिळकतीच्या लोकांसाठीच्या अमेरिकन सरकारी योजनेचा) अर्ज करायची वेळ येते, आणि मग हा रोख पगारच आडवा येतो. बडोद्यातल्या वाचकांनी हे पत्र तिकडे जरूर पाठवावे, पण आधी स्वतः वाचावे. कारण त्या अर्जाला लागणारे बरेच कागद इथल्या बँकेतून आणि इथल्या कपाटातून निघतात.

मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्ही योजना १९६५ च्या आणि नावांनी जुळ्या, त्यामुळे भले भले गोंधळतात. मेडिकेअर हा ६५ नंतरचा आरोग्यविमा. रुग्णालय, डॉक्टर, ऑपरेशननंतर थोड्या दिवसांची नर्स एवढे तो देतो. वर्षानुवर्षे अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या बाईचा पगार देत नाही. तो खर्च उचलते ती मेडिकेड, आणि ती मिळकत व शिल्लक पाहून मिळते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत एकट्या अर्जदाराच्या नावे मोजण्याजोगी शिल्लक २,००० डॉलरपेक्षा जास्त चालत नाही. कॅलिफोर्नियाने ही मर्यादा २०२४ मध्ये काढून टाकली होती, ती १ जानेवारी २०२६ पासून १,३०,००० डॉलरवर परत आणली. पती-पत्नींपैकी एकालाच सेवा हवी असेल तर घरी राहणाऱ्या जोडीदाराला वेगळी रक्कम राखता येते. न्यू जर्सीत ती दोघांच्या एकूण शिलकीच्या निम्मी धरतात, पण २०२६ साली ३२,५३२ डॉलरपेक्षा कमी नाही आणि १,६२,६६० पेक्षा जास्त नाही. महिन्याची मिळकत २,९८२ डॉलरच्या वर जात असेल तर वरची मिळकत एका खास ट्रस्टच्या खात्यातून फिरवावी लागते. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, वकील ते सहज करून देतात.

ग्रीन कार्डवाल्यांना एक अट जास्तीची आहे. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळाल्यापासून सहसा ५ वर्षे मेडिकेड नाही. शिवाय मुलाने आई-वडिलांसाठी आय-८६४ या हमीपत्रावर सही केलेली असते. आई-वडील नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या नावावर कामाच्या ४० तिमाही (निदान दहा वर्षांचे काम) भरेपर्यंत मुलाचे उत्पन्न आणि पैसाही त्यांच्याच पारड्यात मोजला जाऊ शकतो. म्हणून आई-वडिलांची नागरिकत्वाची परीक्षा वेळेवर उरकून घेणे हाही या तयारीचाच भाग आहे. बडोद्यात येऊन राहिलेल्या आणि इथेच थांबलेल्या अमेरिकन नागरिकांनी मात्र मेडिकेडची आशा धरू नये. ती त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे आणि अमेरिकेबाहेरच्या सेवेला एक पैसाही देत नाही.

आता मुख्य गोष्ट. घरी राहून किंवा नर्सिंग होममध्ये मिळणाऱ्या दीर्घकालीन सेवेसाठी अर्ज केला की बहुतेक राज्ये मागचे ६० महिने तपासतात. पूर्वी ही मुदत ३६ महिने होती; फेब्रुवारी २००६ मध्ये सही झालेल्या कायद्याने ती वाढली. या काळात अर्जदाराने किंवा त्याच्या जोडीदाराने वाजवी मोबदला न घेता दिलेली प्रत्येक रक्कम ही देणगी धरली जाते. अशा सगळ्या रकमांची बेरीज करून तिला राज्याने ठरवलेल्या नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागतात. जेवढे महिने येतील तेवढे महिने मेडिकेड बंद. आणि हे महिने पैसे दिले त्या तारखेपासून मोजत नाहीत. शिल्लक संपली, सेवेची गरज सिद्ध झाली, अर्ज केला आणि बाकी सगळ्या अटी पुऱ्या झाल्या, की त्यानंतर मोजायला सुरुवात होते. म्हणजे खिसा रिकामा झाल्यावर शिक्षा सुरू होते. या कायद्यातली सर्वांत निर्दय गोष्ट हीच आहे, आणि तीच लोकांना सर्वांत उशिरा कळते.

सांभाळणाऱ्या बाईचा पगार ही देणगी नव्हे. काम घेतले, बाजारभावाने पैसे दिले, विषय संपला. उलट शिल्लक कमी करण्याचा हा सरळ, कायदेशीर मार्ग आहे. पण हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. बँकेच्या उताऱ्यावर दर शुक्रवारी ८०० डॉलर एटीएममधून काढलेले दिसतात. ते बाईला दिले, नातवाला दिले की उशीखाली ठेवले, हे उतारा सांगत नाही. तासाला २० डॉलर आणि आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे ४१,६०० होतात, पाच वर्षांचे २,०८,०००. राज्याचा मासिक आकडा समजा ११,००० डॉलर असेल, तर पुरावा नसलेल्या या पगारापोटी सुमारे १९ महिने मेडिकेड बंद राहील. बाईने पाच वर्षे खरोखर घाम गाळला असला तरीही. ती शेवटी येऊन लिहून देईल, अशा भरवशावर राहू नये. रोख घेतलेल्या पगारावर तिने कर भरलेला नसतो. मग ती सही कशाला करील?

तेव्हा पगार पहिल्या दिवसापासून कागदावर द्यावा. आपण वेळ, काम आणि कामाची पद्धत ठरवत असू तर ती बाई अमेरिकन करखात्याच्या लेखी घरगुती नोकर ठरते. तिला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून १०९९ हा फॉर्म देण्याचा सल्ला काही जण देतात, तो चुकीचा आहे. २०२६ साली एका व्यक्तीला वर्षात ३,००० डॉलर किंवा जास्त रोख पगार दिला की सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा कर लागू होतो: मालकाचे ७.६५ टक्के, बाईच्या पगारातून कापायचे ७.६५ टक्के. (इथे रोख म्हणजे चेकसुद्धा, वस्तूंच्या रूपाने दिलेले वेगळे.) कुठल्याही तिमाहीत एकूण पगार १,००० डॉलरला पोचला तर बेरोजगारीचा संघीय करही येतो, तो पहिल्या ७,००० डॉलरांवरच, आणि राज्याचा बेरोजगारी कर वेळेवर भरलेला असेल तर बहुधा ०.६ टक्के, म्हणजे माणशी ४२ डॉलर. वरच्या ४१,६०० च्या उदाहरणात मालकाच्या वाट्याचे ३,१८२ डॉलर ४० सेंट आणि हे ४२ असा संघीय भार पडतो. राज्याचे बेरोजगारी आणि अपंगत्व विम्याचे हप्ते वेगळे. प्राप्तिकर कापण्याची सक्ती नाही. बाईने मागितले आणि आपण मान्य केले तरच कापायचा.

मालक कोण, इथेच पहिली गाडी चुकते. पैसा आईचा असेल तर मालकही आई. तिच्या नावाने एसएस-४ भरून मालकाचा क्रमांक घ्यायचा, तिच्याच खात्यातून चेक किंवा बँक ट्रान्सफर करायचा, वर्षअखेर तिच्याच विवरणपत्राला शेड्यूल एच (घरगुती नोकराच्या कराचा तक्ता) जोडायचे आणि बाईला ३१ जानेवारीपर्यंत डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) द्यायचा. मुलगा आपल्या क्रेडिट कार्डावरून किंवा खात्यातून पगार देतो आणि महिन्याअखेर आईकडून एकरकमी वळते करून घेतो, हे सोयीचे वाटते. तपासणीत मात्र ते आईकडून मुलाला गेलेले पैसे दिसतात आणि प्रत्येक रकमेमागची पावती मागितली जाते. मुलाने आईच्या वतीने सह्या करायच्या असतील तर त्या राज्याच्या नमुन्यातले टिकाऊ (आईचे भान पुढे हरपले तरी चालू राहणारे) मुखत्यारपत्र आई समजत्या मनाची असतानाच करून घ्यावे. बडोद्याच्या नोटरीने केलेले मुखत्यारपत्र तिकडच्या बँकेत उपयोगी पडेल असे धरू नये.

कर भरणे महाग वाटते, पण शेड्यूल एच आणि डब्ल्यू-२ हेच मेडिकेडच्या कचेरीपुढे सर्वांत भक्कम पुरावे ठरतात. पगार दिला, किती दिला, कोणाला दिला हे सरकारच्याच नोंदीत असते. बाईचाही यात फायदा आहे आणि तो तिला सांगितला पाहिजे. २०२६ साली १,८९० डॉलर कमाईला एक तिमाही जमा होते, वर्षात जास्तीत जास्त चार. अशा ४० तिमाही भरल्या की तिला स्वतःचे निवृत्तिवेतन आणि बिनहप्त्याचा रुग्णालयाचा मेडिकेअर मिळतो. हे काम करणाऱ्या आपल्या गुजराती-मराठी बायका पन्नाशीच्या पुढच्या असतात. "कागदावर नको, हातात द्या" असे म्हणणारी बाई आपल्याच म्हातारपणाची सोय घालवत असते.

त्याबरोबर लेखी करार हवा. त्यात कामे नावानिशी लिहावीत: अंघोळ, कपडे बदलणे, उचलून बसवणे, भरवणे, औषधांची आठवण, स्वयंपाक, दवाखान्यात सोबत. "घरातली सर्व मदत" असे मोघम लिहू नये. दिवस, तास, तासाचा दर, पगाराचा वार, सुटी, किती दिवसांची पूर्वसूचना, हेही लिहावे. तारीख काम सुरू होण्याच्या आधीची हवी, सह्या नोटरीसमोर व्हाव्यात. दर त्या भागातला चालू दर असावा. दोन एजन्सींकडून लेखी दरपत्रक मागवून करारामागे टाचून ठेवले की पुढे वाद उरत नाही. न्यू जर्सीत किमान वेतन २०२६ साली तासाला १५ डॉलर ९२ सेंट आहे आणि जुलै २०२४ पासून घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा लागू आहे; विश्रांती आणि लेखी अटींसाठी तो पाहून घ्यावा. घराच्या विम्यात कामगार-भरपाईची जोड आहे का, हे विमा एजंटला विचारावे, कारण म्हाताऱ्या माणसाला उचलताना पहिली कंबर बाईची धरते.

कराराच्या आधी डॉक्टरांचे पत्र घ्यावे. अंघोळ, कपडे, जेवण, शौच, हालचाल, शौच-लघवीवरचा ताबा या सहांपैकी किमान दोन गोष्टींना निदान ९० दिवस मदत लागेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे सतत देखरेख हवी, असे त्यात स्पष्ट असावे. सोबत सेवेची योजनाही लिहून घ्यावी. याच दोन कागदांवर पगाराचा खर्च वैद्यकीय खर्च म्हणून प्राप्तिकरात दाखवता येतो, समायोजित उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वरचा भाग. नातेवाइकाला दिलेला पगार मात्र, तो परवानाधारक व्यावसायिक नसेल तर, या वजावटीत बसत नाही.

रोजच्या कामाची वही ठेवावी. तारीख, आले-गेले, काय केले, सही, एवढ्या चार रकान्यांनी भागते. महिन्याअखेर सगळ्या ओळी एकदम, एकाच शाईत आणि एकाच हाताने लिहिलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. दिवाळीची बोणी द्यायची असेल तर करारात "वर्षातून एकदा अमुक रक्कम" असे आधी लिहावे आणि डब्ल्यू-२ मध्ये धरावी. सोन्याचे कानातले किंवा "गावी घर बांधायला" म्हणून दिलेले दहा हजार डॉलर ही सरळ देणगी, ती कितीही मनापासून दिलेली असो.

सून किंवा मुलगी नोकरी सोडून सांभाळत असेल तर तिलाही पगार देता येतो, पण तिच्यासाठी कसोटी अधिक कडक. नातेवाइकाने केलेली सेवा प्रेमापोटी फुकट होती असेच गृहीत धरतात. आधीचा लेखी करार हाच त्याला उतारा आहे. मागच्या तीन वर्षांचा पगार आज एकदम दिला तर तो देणगीत जातो. पुढच्या पाच वर्षांचा आगाऊ एकरकमी द्यायचा असेल तर त्या राज्यात तो चालतो का, हे एल्डर लॉ (वृद्धांविषयीचे कायदे) करणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये. सुनेला मिळालेला पगार तिच्या उत्पन्नात धरायचा आणि २१ वर्षांवरील मुलालाही आईने पगार दिला तर सोशल सिक्युरिटीचा कर लागतोच. "घरातल्या घरात कर कसला" हा समज तिकडे चालत नाही.

वर्षाला माणशी १९,००० डॉलरपर्यंतची भेट करमुक्त असते, हे सगळ्यांना पाठ असते. ती सूट देणगीकराची आहे आणि देणगीकराचे खाते वेगळे. मेडिकेडला तिच्याशी देणेघेणे नाही. चार नातवंडांना दरवर्षी दिलेले १९,००० मेडिकेड चारदा मोजते.

आता बडोद्याकडचे दोन विषय, ज्यात इथल्या मंडळींचाच हात असतो.

इथून ओळखीतल्या मावशींना व्हिजिटर व्हिसावर पाठवून तिकडे आजींजवळ ठेवायचे आणि पैसे इथे त्यांच्या मुलाच्या खात्यात भरायचे, ही योजना कुणी सुचवली तर तिथल्या तिथे मोडून काढावी. बी-२ व्हिसावर पगारी काम करता येत नाही. मालकाला आय-९ भरून कामाचा परवाना तपासावा लागतो आणि तो तिथे नसतोच. पैसे इथे दिल्याने काम तिथलेच राहते. मावशींचा पुढचा व्हिसा जातो, आणि मेडिकेडच्या फायलीत त्या पगाराचा ना डब्ल्यू-२ असतो ना करार.

दुसरा विषय मालमत्तेचा. मेडिकेड जगभरातली शिल्लक विचारते. आई तिकडे राहते ते तिचे स्वतःचे घर काही मर्यादेपर्यंत सुटते, पण कारेलीबागेतला फ्लॅट तिचे राहते घर नाही. तो मोजला जातो. इथली एफडी, एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे इथले रुपयांतले खाते), लॉकरमधले सोने, गावच्या वाड्यातला हिस्सा, सगळे लिहावे लागते. भावाबरोबर "कोणीही एक किंवा हयात" अशा संयुक्त एफडी असतील तर उलट पुरावा देईपर्यंत पूर्ण रक्कम अर्जदाराची धरतात; भावाने त्यात स्वतःचे किती घातले याचे उतारे काढून ठेवावेत. लपवण्याचा विचारही करू नये. परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर तिकडे एफबार (परदेशी खात्यांचे विवरण) भरावा लागतो, आणि २०१५ च्या भारत-अमेरिका फॅटका (खात्यांची माहिती देण्याच्या) करारापासून इथल्या बँका अमेरिकन नागरिक व ग्रीन कार्डधारकांच्या खात्यांची माहिती कळवतात.

त्यामुळे भावाच्या नावे केलेली हक्क कमीची (आपला हिस्सा सोडल्याची) नोंद बडोद्यात कितीही साधी वाटली, तरी ६० महिन्यांच्या आत ती अर्जदाराने फुकट सोडलेली मालमत्ता ठरते. फ्लॅट विकायचाच असेल तर पूर्ण किमतीला आणि पूर्ण चेकने विकावा. दस्तावर जंत्रीइतकी (सरकारी दराइतकी) रक्कम आणि बाकी रोख, या व्यवहारात कायदा मोडतोच. शिवाय मेडिकेड बाजारभाव आणि दस्ताची किंमत यांतला फरक देणगी धरते, आणि रोख मिळालेले पैसे सांगण्याची सोय उरत नाही. गुजरातेत १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री बरीच वाढली तरी ती आणि बाजारभाव एक नव्हेत. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल विक्रीच्या तारखेचा घ्यावा. विक्रेती अनिवासी असल्याने खरेदीदार मोठी टीडीएस कापतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र हवे असल्यास प्राप्तिकर खात्याकडे आधीच अर्ज करावा लागतो. एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह. आईने तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र गुजरातेत पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. विकून आलेले पैसे तिकडे आईच्याच खात्यात जावेत आणि तिथूनच बाईचा पगार निघावा, म्हणजे माग सलग राहतो.

मेडिकेड एकदा मंजूर झाली की ती बाई सुटलीच असे नाही. न्यू जर्सीत स्वतःची माणसे निवडण्याची योजना आहे, न्यूयॉर्कमध्ये तशीच सीडीपॅप नावाची योजना आहे. अटी पुऱ्या झाल्या तर तीच बाई त्या योजनेतून पगार घेऊ शकते. कामाचा परवाना आणि कराची नोंद आधीपासून स्वच्छ असेल तर हा बदल थोड्या दिवसांत होतो, नसेल तर अनोळखी एजन्सीचे माणूस स्वीकारावे लागते. ५५ वर्षांवरच्या लाभार्थीच्या मृत्यूनंतर राज्य घरावर वसुली लावते, हेही मुलांनी आधी समजून घ्यावे. एक अपवाद आहे. आईच्या घरात, ती नर्सिंग होममध्ये जाण्याआधी निदान दोन वर्षे राहून तिला सांभाळलेल्या मुलाला किंवा मुलीला ते घर दंडाशिवाय देता येते. सुनेला ही सवलत नाही, सांभाळले तिनेच असले तरी.

अर्जावर निर्णय ४५ दिवसांत अपेक्षित असतो, अपंगत्वाच्या आधारावर असेल तर ९०. मधे जादा कागद मागितले तर हातात मोजके दिवस असतात. इथल्या बँकांकडून जुने उतारे, विशेषतः बंद केलेल्या किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झालेल्या खात्यांचे, एवढ्या दिवसांत निघत नाहीत. म्हणून आई-वडिलांच्या नावे असलेल्या प्रत्येक खात्याचे ६० महिन्यांचे उतारे, एफडीच्या पावत्या, मोडलेल्या एफडीचे पैसे कुठे गेले याची नोंद आणि मालमत्तेचे दस्त आताच मागवून स्कॅन करावेत. पुढे दर एप्रिलमध्ये एका वर्षाची भर टाकावी. गुजरातीतल्या दस्तांचे इंग्रजी भाषांतर सहीनिशी करून जोडावे. भाषांतर नसलेला कागद तिकडच्या कारकुनाच्या टेबलावर नुसता पडून राहतो.

आपले,
परदेशस्थांच्या कर-हिशेबांचे काम करणारे दोन वाचक
दांडिया बझार, बडोदे